वाढपी पुढे गेला

लग्नामुंजीत पंगतीला बसण्याचा योग हल्ली फारसा येत नाही. हातात बशी धरून उभ्यानं जेवण्याची रीत पडली, तशी पंगत गेली आणि पंगतीतली सुखदुःखंही तिच्याबरोबर गेली. त्यांतलं एक दुःख मला अजून लख्ख आठवतं. मी नऊ वर्षांचा असेन, माझा धाकटा भाऊ सहाचा. आमच्या आतेभावाच्या मुंजीत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. जिलब्यांची परात घेऊन वाढपी आमच्याच ओळीनं येत होता. चार पानं राहिली, तीन राहिली, दोन राहिली. आणि एवढ्यात पलीकडच्या ओळीतून कुणा बड्या पाहुण्यानं हाक मारली. वाढपी वळला, त्या ओळीत शिरला आणि त्याची परात तिथंच रिकामी झाली. आम्ही उपाशी उठलो, असं मुळीच नाही. मसालेभात होता, अळूची भाजी होती, श्रीखंडही होतं. पण धाकटा त्या वाढप्याच्या पाठीकडं किती तरी वेळ पाहत राहिला आणि मग मला म्हणाला, "दादा, आपण त्यांना दिसलो नाही का रे?"

तो प्रश्न मला पुन्हा आठवला तो २५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री. त्या दिवशी 'एल्डन रिंग' नावाचा एक व्हिडिओ गेम जगभर विक्रीला निघाला आणि आमच्या नेहमीच्या दुकानात तो आला नाही.

हे वाक्य वाचून, संपादकांनी चुकून एखाद्या शाळकरी मुलाचा मजकूर माझ्या नावावर छापला की काय, अशी शंका आमच्या महाविद्यालयातल्या काही सहकाऱ्यांना येईल. तशी चूक झालेली नाही. मी गेली वीस वर्षं मराठी शिकवतो. दिवसा ज्ञानेश्वरीतल्या उपमा समजावून सांगतो आणि रात्री जेवणं आटोपली की मागच्या खोलीत बसून राक्षस मारतो. ही गोष्ट आजवर सौभाग्यवती, चिरंजीव आणि घराच्या चार भिंती यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. दिवाळी अंकाच्या निमित्तानं ती आज जाहीर होत आहे, त्याला माझा इलाज नाही.

या नादाला मला लावलं धाकट्यानं. थोरल्यानं धाकट्याला बिघडवायचं, ही घरोघरची रीत. आमच्याकडे उलटं झालं. १९९५ साली माझी दहावीची परीक्षा संपली आणि वडिलांनी आम्हां दोघांना सुटीत संगणकाच्या क्लासला घातलं. त्या क्लासमध्ये काय शिकवलं, ते मी साफ विसरलो. पण शेवटची पंधरा मिनिटं सर खाली चहा प्यायला जात आणि धाकटा दप्तरातून फ्लॉपी काढून 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू करी, हे मात्र विसरलो नाही. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं १९८९ साली केलेला हा खेळ. पांढऱ्या कपड्यांतला एक राजपुत्र तळघरांतून धावतो, दऱ्या ओलांडतो, तलवार चालवतो. पहिला टप्पा पार पडला की तो एका चमत्कारिक दालनात येई. तिथं बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. खेळाबरोबरच्या पुस्तिकेतल्या अमक्या पानावरच्या, अमक्या ओळीतल्या, अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, ते पाहून तीच बाटली प्यायची. भलत्या बाटलीत विष! ज्यानं खेळ विकत घेतला त्याच्याकडे पुस्तिका असायची. ज्यानं नुसती फ्लॉपी उतरवून घेतली तो तिथं अडायचा. आमच्याकडे पुस्तिका कुठली असायला? पण क्लासमधल्या एका मुलाकडे कुण्या पुस्तिकेच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती. तिच्यावरची अक्षरं इतकी पुसट होती की निम्म्या वेळा आमचा राजपुत्र विष पिऊन मरे.

कुलपाशी माझी पहिली गाठ पडली ती अशी. आणि कुलपाच्या बाहेर उभे होतो आम्ही, म्हणजे चोर, हेही आरंभीच कबूल केलेलं बरं.

आमच्यासारखे चोर त्या काळी पोलंडमध्येही होते. तिथं तर १९९४ पर्यंत संगणकाच्या खेळांना संरक्षण देणारा कायदाच नव्हता. वॉर्सा शहरातल्या बाजारांत टेबलं मांडून नकललेल्या खेळांची विक्री राजरोस चाले आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. त्याच शहरातल्या मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी १९९४ साली 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी काढली आणि परदेशी खेळ रीतसर आणून विकायचं ठरवलं. जिथं शेजारच्याच टेबलावर तोच खेळ कवडीमोलानं मिळतो, तिथं पुऱ्या पैशांचा खेळ घेणार कोण? या दोघांनी कुलूप जड केलं नाही. वस्तू जड केली. १९९९ साली 'बाल्डर्स गेट' हा मोठा खेळ त्यांनी सगळाच्या सगळा पोलिश भाषेत करवून घेतला, नावाजलेल्या नटांचे आवाज घेतले, भलीथोरली पेटी केली, तीत नकाशा घातला. नकलाकाराला हे सगळं परवडेना. लोकांनी पैसे मोजून ती पेटी घेतली.

याच कंपनीनं २००८ साली 'गुड ओल्ड गेम्स' हे दुकान मांडलं. नावाप्रमाणेच जुने, चांगले खेळ विकणारं. पुढं नवेही येऊ लागले, म्हणून २०१२ साली नाव आखडून नुसतं 'जीओजी' झालं. आमच्या घरात त्याला 'गॉग' म्हणतात. दुकान म्हणजे अर्थात इंटरनेटवरचं. पाटी नाही, गल्ला नाही. पण त्याचा एक नियम मला आमच्या जुन्या वाण्याच्या दुकानाची आठवण करून देतो: पैसे टाका, माल उचला, जा घरी. खेळाची फाइल आपल्या यंत्रावर उतरवून घ्यायची, हवी तर डिस्कवर ठेवायची. त्यानंतर तो खेळ पुन्हा कुणाची परवानगी मागत नाही. दुकान उद्या बंद पडलं तरी चालतो, इंटरनेट नसलं तरी चालतो. इतरत्र पुष्कळदा तसं नसतं. तिथं खेळाला एक अदृश्य कुलूप असतं, धंद्यातली माणसं त्याला डीआरएम म्हणतात, आणि त्याची किल्ली गिऱ्हाइकाकडे नसून दुकानदाराकडे असते. आपण खेळ सुरू केला की तो आधी दुकानदाराला विचारून येतो, "या गृहस्थांना आत सोडू का?" बहुतेक वेळा दुकानदार 'सोड' म्हणतो. म्हणूनच कुलूप आहे, हे आपल्या ध्यानातही राहत नाही.

धाकटा इंजिनीअर होऊन बंगळूरला गेला. दर दिवाळीला तो नाशिकला येई, आणि येताना लॅपटॉप आणी. कॉलेजच्या दिवसांत आम्ही दोघं 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या खेळाच्या तिसऱ्या भागावर जीव टाकायचो. १९९९ चा हा खेळ. एकाच संगणकावर दोघांनी पाळीपाळीनं खेळायचा, बुद्धिबळासारखा. फक्त पटावर जंगलं, खाणी आणि गड, आणि सोंगट्यांच्या जागी सरदार. तेव्हा आमच्याकडे होती ती अर्थातच पन्नास रुपयांची नकललेली सीडी. एका दिवाळीत, लक्ष्मीपूजन आटोपल्यावर, धाकट्यानं मला मागच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर गॉगचं दुकान उघडं होतं आणि खरेदीच्या यादीत तोच खेळ.

"दादा," तो म्हणाला, "आज आपण चोरी फेडली."

दहाएक डॉलरचा तो व्यवहार. पण माझ्या आयुष्यातलं पहिलं पुस्तक स्वतःच्या पगारातून घेतलं, तेव्हा झाला होता तसा आनंद मला त्या रात्री झाला.

इथं माझ्यातला मराठीचा मास्तर थोडी लुडबुड करणार, वाचकांनी सांभाळून घ्यावं. इंग्रजीत 'माझ्याजवळ असणं' दाखवायला एक सरळ क्रियापद आहे. आपल्या मराठीत तसं नाही. आपण म्हणतो, 'पुस्तक माझ्याकडे आहे.' आता या वाक्यावरून ते पुस्तक माझं आहे की शेजाऱ्याचं, ते कळत नाही. शेजारणीची परातसुद्धा महिनाभर आमच्याकडे असते. वाचनालयाचं पुस्तक माझ्याकडे असतं, बँकेची किल्ली शिपायाकडे असते. 'माझं' म्हणायचं तर निराळं वाक्य करावं लागतं. भाषेला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे, पण नव्या दुकानदारीनं तो मोठ्या खुबीनं पुसून टाकला. बटणावर लिहिलेलं असतं 'विकत घ्या'. खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं 'परवाना'. भाड्यानं देण्यात काही वाईट आहे, असं मी म्हणत नाही. माझं अर्धं बालपण वाचनालयाच्या वर्गणीवर पोसलं गेलं. पण वाचनालयानं कधी 'विकत घ्या' अशी पाटी लावली नव्हती.

कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ साली कायदा करून दुकानदारांना सांगितलं की, माल परत काढून घेता येणार असेल तर नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका, हा परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. जी वस्तू उतरवून कायमची जवळ ठेवता येते, तिला त्या कायद्यातून सूट आहे. म्हणजे वाण्याच्या दुकानाला सूट!

हा धोका नुसता खेळांपुरता आहे, असंही नाही. २००९ च्या जुलैत अॅमेझॉननं आपल्या किंडलवरून काही पुस्तकं ग्राहकांना न विचारता परत काढून घेतली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले आणि पुढं कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण ती पुस्तकं कोणती, तर जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म'! सरकार नागरिकांच्या हातातले कागद नाहीसे करतं, अशी कथा ज्या पुस्तकात आहे, नेमकं तेच रात्रीतून नाहीसं व्हावं. एखाद्या कादंबरीकारानं हा प्रसंग लिहिला असता, तर मी वर्गात त्याला 'अतिरंजित' म्हणून गुण कापले असते.

असो. आता जे सांगायचं आहे, ते थोडक्यातच सांगतो.

२०२० साली कचेऱ्या बंद झाल्या आणि धाकटा लॅपटॉप उचलून नाशिकला आला. आठ महिने राहिला. इतके दिवस आम्ही दोघं एका छपराखाली लहानपणानंतर प्रथमच राहिलो. चिरंजीव तेव्हा बाराचे होते. काका घरात म्हणजे त्यांना पर्वणीच. त्या दिवाळीत एके रात्री धाकट्यानं आम्हांला 'एल्डन रिंग'ची चित्रफीत दाखवली. हिदेताका मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा हा खेळ, त्याची पूर्वकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकारानं रचलेली. जून २०१९ मध्ये जाहीर झाला होता. आकाशाएवढं एक सोनेरी झाड, त्याच्या पायथ्याशी मोडलेली राज्यं. मी गप्प होऊन पाहत राहिलो. गॉगच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाइकांच्या इच्छांची एक यादी असे. कोणता खेळ दुकानात यावा, ते मत देऊन सांगायचं. धाकट्यानं तिथं आपलं मत नोंदवलं आणि चिरंजीवांना म्हणाला, "इथं आला की तिघांत मिळून एक घेऊ. आपला म्हणून घेऊ."

फेब्रुवारीत तो बंगळूरला परतला. मे २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला.

त्याचं सामान आलं त्यात लॅपटॉप होता आणि आईनं पूर्वी कधी तरी शिवून दिलेल्या सुती पिशवीत एक हार्ड डिस्क होती. काही महिन्यांनी, मन जरा थाऱ्यावर आलं तेव्हा, आम्ही लॅपटॉप उघडला. एका मोठ्या दुकानात त्याचं पंधरा वर्षांचं खातं होतं. त्यात दोनशेंहून अधिक खेळ. खातं उघडायला त्याच्या मोबाइलवर आकडा येणार; तो मोबाइल क्रमांक तर केव्हाच बंद झालेला. मी दुकानाला पत्र लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं ते अत्यंत सौजन्यपूर्ण होतं. दुःखात सहभागी असल्याचं लिहिलं होतं आणि नियमानुसार खातं दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येत नाही, असंही लिहिलं होतं. मी त्या दुकानाचं नाव घेत नाही. उत्तर लिहिणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष? नियम त्याचा नव्हता. पण ती दोनशे नावं मी यादीत एकदा पाहिली होती. प्रत्येक नाव म्हणजे कुठली तरी रात्र, कुठला तरी पहिला पगार, कुठला तरी वाढदिवस. वडिलांच्या मागे त्यांची पुस्तकं आमच्याकडे आली तेव्हा वाचनालयानं किंवा प्रकाशकानं आम्हांला परवानगी विचारायला लावली नव्हती.

डिस्कवर गॉगचे खेळ होते. शंभराच्या आसपास. सगळे चालले.

(गॉगच्या करारातही बारीक अक्षरांत शब्द 'परवाना' हाच आहे, हे मला ठाऊक आहे. वकील मित्रांनी पत्रं पाठवू नयेत. कागदावर काहीही असो, कुलूप नाही एवढं खरं.)

तर २५ फेब्रुवारी २०२२ ची रात्र. चिरंजीव चौदा वर्षांचे. दोन भाऊबिजांची आणि एका वाढदिवसाची पाकिटं न फोडता राखलेली. त्यांच्या वर्गातली चार-पाच मुलं शाळा बुडवून खेळणार होती. रात्री नऊपासून स्वारी गॉगचं पान उघडून बसली होती. मी मधूनमधून डोकावत होतो. साडेदहाला ते पान मिटवून बाहेर आले आणि म्हणाले, "बाबा, आपल्या दुकानात नाही आला."

आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता. मला त्या वाढप्याच्या पाठीकडं पाहणारा धाकटा दिसला.

मी म्हणालो, "अरे, मग त्या दुसऱ्या दुकानातून घे ना. मी काही हट्ट धरणार नाही."

"काकाच्या दोनशे खेळांचं काय झालं?" एवढंच म्हणून स्वारी झोपायला गेली.

तत्त्वनिष्ठेचे धडे वर्गात देणं सोपं असतं. घरात चौदा वर्षांचं पोर तत्त्वासाठी हिरमुसून बसलं की बापाचा जीव कासावीस होतो. शाळेत मुलं मधल्या सुटीत त्या सोनेरी झाडाच्या गोष्टी सांगत, आणि आमचे चिरंजीव ऐकत. पहिल्या तीन आठवड्यांत त्या खेळाच्या १ कोटी २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. एवढ्या मोठ्या पंगतीत एका पानाची काय कथा!

पण मला वाटतं, या निराशेचं दुखणं नेमकं तिथंच आहे. फुकट्याला ती होत नाही. ज्याला नुसता खेळायचा आहे, त्यालाही होत नाही. तो दुसऱ्या दुकानात जातो. ही निराशा होते ती हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला. तो सवलत मागत नाही, उधारी मागत नाही. तो म्हणतो, पुरे पैसे घ्या, फक्त मला चोर समजू नका. आणि दुकानदाराचं उत्तर 'नाही' असंही येत नाही. उत्तरच येत नाही. वाढपी नुसता पुढे जातो.

वाढप्याची बाजू मला कळत नाही, असं नाही. खेळ करायला शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात. प्रत्येक नव्या दुकानासाठी खेळाची निराळी आवृत्ती तयार ठेवायची, दुरुस्ती निघाली की तिथंही पोचवायची, हे काम असतं, आणि लहान दुकानाकडून येणारं उत्पन्न त्या मानानं थोडं. अनेकांनी मिळून खेळण्याची सोय पुष्कळदा मोठ्या दुकानाच्याच यंत्रणेला बांधलेली असते; ती सोडवून घ्यायची म्हणजे पुन्हा खर्च. शिवाय भीती. कुलूप नाही म्हटल्यावर एकानं घेतला आणि शंभरांनी वाटून घेतला तर? ही भीती खोटी नाही. माझं एक लहानसं समीक्षेचं पुस्तक आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका विद्यार्थ्यानं त्याची पीडीएफ मला व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि वर लिहिलं, 'सर, हे वाचा, उपयोगी आहे.' खरं सांगू? राग यायला हवा होता. पण माझं पुस्तक चोरण्याजोगं आहे, या आनंदात तो यायचा राहून गेला. ज्याचं पोट पुस्तकावर आहे, त्याला मात्र असा आनंद परवडायचा नाही.

तरीही कुलपानं चोर थांबतो, असं मला वाटत नाही. २०११ साली सीडी प्रोजेक्टचा स्वतःचा 'विचर २' निघाला. गॉगवर तो बिनकुलपाचा होता आणि बाजारातल्या पेट्यांतला कुलपासकट. चोरांनी पेटीतलं कुलूप हां हां म्हणता फोडलं. कुलपाचा त्रास व्हायचा तो पैसे देऊन पेटी घेणाऱ्यांनाच झाला, आणि कंपनीनं थोड्याच दिवसांत दुरुस्ती पाठवून ते आपण होऊन काढून टाकलं. आमच्या क्लासमधल्या झेरॉक्सची गोष्ट आठवा.

बिनकुलपाच्या दुकानाची गिऱ्हाइकं फार कडक असतात, हेही सांगायला हवं. २०२१ च्या सप्टेंबरात 'हिटमॅन' हा नावाजलेला खेळ गॉगवर आला. वास्तविक आनंदच व्हायचा. पण त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी इंटरनेट जोडल्याशिवाय उघडतच नव्हत्या. म्हणजे कुलूप दारावर नाही, आतल्या कपाटांना! गिऱ्हाइकांनी इतकी ओरड केली की पंधरवडा-तीन आठवड्यांत, 'आहे त्या स्वरूपात तो विकायला ठेवायला नको होता' असं कबूल करून दुकानानं तो उतरवला. जिलबी वाढली आणि लोकांनी पाक बरोबर नाही म्हणून परत पाठवली. उपाशी राहू, पण ही नको. असल्या माणसांना व्यवहारी जग वेडं म्हणतं. आमच्या घरातही एक तसं आहे.

आणि आशाही चिवट असते. 'स्कायरिम' २०११ चा. तो गॉगवर आला २०२२ च्या सप्टेंबरात. अकरा वर्षांनी! १९९६ चा 'डायब्लो' २०१९ मध्ये आला. तेव्हा ज्या मुलांनी वाट पाहायला सुरुवात केली असेल, ती आई-बाप झाली असतील. चिरंजीवांनी हे सगळं मला तारखांसकट ऐकवलं. इतिहासाच्या पेपरात या मुलाला सनावळ्या आठवत नाहीत.

वर्षभर त्यांनी वाट पाहिली. शेवटी नववीची परीक्षा संपल्यावर त्या दुसऱ्या दुकानातून तो खेळ आलाच. मीच म्हटलं, पुरे आता. उन्हाळाभर स्वारी त्या सोनेरी झाडाखाली घोड्यावरून हिंडत होती आणि सुखात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. खेळ अप्रतिमच आहे. मीही चोरून पाहत असे. फक्त एक गोष्ट माझ्या कानांनी टिपली. गॉगवरच्या खेळाबद्दल चिरंजीव म्हणतात, 'घेतला'. याच्याबद्दल म्हणतात, 'आणला'. वाचनालयातून पुस्तक आणतात, तसा. त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, घरातले सगळे झोपले होते. चिरंजीव आता कॉलेजात आहेत. नवा लॅपटॉप घेतला आहे. त्यांनी कपाटातली सुती पिशवी काढली. मी काही बोललो नाही. 'हीरोज'ची फाइल डिस्कवरून चालवली. पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ, नवं यंत्र. इंटरनेट नेमकं त्या रात्री बंद पडलेलं. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, मुकाट्यानं उघडला.

त्याच फोल्डरात एक अर्धवट डाव जतन करून ठेवलेला होता. तारीख नोव्हेंबर २०२०. मला तो आठवत होता; पुढच्या दिवाळीत पुरा करू, असं म्हणून आम्ही उठलो होतो. पण माझी समजूत अशी होती की पाळी माझी होती. चिरंजीवांनी डाव उघडला. पडद्यावर निशाण आलं आणि खाली नाव, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: धाकटा.

पाळी त्याची होती.

पट उघडला. त्याचे सरदार कुठं आहेत, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. खेळाचा नियमच तसा, एकाला दुसऱ्याचं दिसत नाही. एक सरदार उत्तरेकडून जंगलातून वळसा घालून थेट माझ्या मोठ्या गडाच्या दाराशी येऊन उभा होता. गडात माझे चार धनुर्धारी, बाकी फौज भलतीकडेच. लबाड लेकाचा! त्या रात्री 'झोप आली' म्हणून जांभई देत तोच उठला होता.

"बाबा," चिरंजीव हळूच म्हणाले, "काकाची चाल मी खेळू?"

माझा गड जाणार, हे दिसत होतं.

"खेळ," मी म्हणालो.